गर्भ रुजवायचाय, मग वाढ रोखणारं प्रोटीन कशाला?

प्रश्न : मी बीएस्सी झूलॉजीला आहे. पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाच्या अस्तरात आयजीएफबीपी-१ नावाचं प्रोटीन खूप वाढतं असं वाचलं, पण हे प्रोटीन तर ग्रोथ फॅक्टरला धरून ठेवतं ना? गर्भ रुजायची वेळ आणि तेव्हाच वाढीला ब्रेक, हे काही डोक्यात शिरत नाहीये.

उत्तर : वाढ नेमकी कोणाची हे आधी बघ, गुंता तिथेच आहे. पाळीच्या पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेनमुळे अस्तरात आयजीएफ-१ (हे प्रोटीन ज्याला धरतं तो ग्रोथ फॅक्टर) वाढतं आणि अस्तर भराभर जाड होतं. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन येतं, आता नुसत्या पेशी वाढून भागत नाही, त्यांना गर्भ सांभाळायला तयार व्हावं लागतं. २८ दिवसांची पाळी धरली तर साधारण २३व्या दिवशी वळणदार धमन्यांभोवतीच्या पेशी फुगायला लागतात, हीच डेसिड्युआची, म्हणजे गर्भ सांभाळायला तयार झालेल्या अस्तराची सुरुवात. लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं, अस्तरातल्या चातीसारख्या लांबट, टोकांना निमुळत्या पेशींना प्रोजेस्टेरॉन आणि सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) द्यायचं, काही दिवस थांबायचं, की त्या गोल टपोऱ्या होतात आणि भोवतीच्या द्रवात आयजीएफबीपी-१ सोडायला लागतात. कितीही वेळा बघितलं तरी मला भारी वाटतं!

आता गर्भाची बाजू. त्याच्या बाहेरच्या पेशी आयजीएफ-२ (आयजीएफ-१सारखाच ग्रोथ फॅक्टर) बनवतात आणि अस्तरात शिरतात, पण किती खोल शिरायचं याला काहीतरी आवर हवा की नाही? तो घालणाऱ्यांपैकी एक हे प्रोटीन. आणि त्याची पकड कायम सारखी नसते बरं का, फॉस्फेट लागलेलं असेल तर आयजीएफ-१ घट्ट धरतं, फॉस्फेट निघालं की पकड सैल होते. शिवाय त्याचा एक छोटा तुकडा पेशींवरच्या इंटिग्रिनला (पेशीला आजूबाजूला धरून ठेवणारं प्रोटीन) चिकटतो, ते काम आयजीएफशिवायही चालतं. म्हणून याला फक्त ब्रेक म्हणणं मला पटत नाही.

प्रोजेस्टेरॉन एकटंच सगळं ठरवतं असंही नाही, इन्सुलिन वाढलं की डेसिड्युआच्या पेशी हे प्रोटीन कमी बनवतात.

माकडांवरचं काही वाचशील तेव्हा प्रोटीन कुठल्या पेशीत सापडलं ते आधी शोध. बबूनमध्ये गर्भ नसताना ते अस्तराच्या ग्रंथींमध्ये दिसतं, गर्भ रुजल्यावर स्ट्रोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या मधल्या आधार देणाऱ्या भागाच्या पेशी ते बनवायला लागतात, आणि त्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जोडीला गर्भाकडून येणारा सिग्नलही लागतो. माणसात मात्र स्ट्रोमाची ही तयारी गर्भाची वाट न बघता दर पाळीत सुरू होते.