लेकीला ट्रॅम्पोलिनवर न्या, पण पहिली वेळ वाढदिवसाच्या गर्दीत नको

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. लेक सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय ताठर, एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारे कडक प्लास्टिकचे साचे) घालून वॉकरनं चालते. दादाचा दहावा वाढदिवस पुढच्या महिन्यात एका रविवारी इथे इंदुरात विजय नगरकडच्या ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये ठरलाय. घरचे म्हणतात, तेवढे दोन-तीन तास तिला लोकमान्य नगरात आजीजवळ ठेवा. आणि ती मात्र रोज रात्री गादीवर बसल्या बसल्या उसळून दाखवते. नेऊ की नको, असं तुम्ही विचारलंय.

न्या. पण त्या रविवारी तिची पहिली वेळ नसावी. त्याआधी मधल्या वारी, सकाळी पार्क उघडताच, तिला एकटीला घेऊन जा. मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते.

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, आता तो अकरा वर्षांचा आहे. पाच वर्षांचा असताना भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही त्याला अशाच एका ठिकाणी नेलं. दारावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सब सेफ है." मी त्याला मोजे चढवले आणि सोडलं. थोड्या वेळानं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा त्याच चौकोनात आला. माझा लेक तेव्हा उडीही मारत नव्हता, नुसता उभा राहून हसत होता. तो मोठा मुलगा शेजारी आदळला, मॅट खाली गेली आणि उसळून वर आली ती थेट याच्या पायांवर. गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडाला चीर गेली, पाय प्लास्टरमध्ये. हाडांच्या डॉक्टरांनी एका वाक्यात समजावलं: "तो पडला नाही, जमीनच वर येऊन त्याला लागली." लहान मुलांच्या ट्रॅम्पोलिनच्या दुखापतींत हे हाड याच जागी मोडताना नेहमी दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०१२ मध्ये ट्रॅम्पोलिनबद्दल जे निवेदन काढलं त्यातही हेच आहे. साधारण तीन चतुर्थांश दुखापती एका मॅटवर एकाहून जास्त जणं असताना होतात, आणि त्यांतल्या सगळ्यात लहान मुलाला इजा होण्याची शक्यता जड मुलाच्या तुलनेत १४ पटींपर्यंत जास्त असते. सहा वर्षांखालच्या मुलांच्या हाडांना विशेष धोका. म्हणजे तुमच्या लेकीला भीती तिच्या स्वतःच्या उड्यांची कमी आणि शेजारी उडणाऱ्या दादाच्या चाळीस किलोच्या मित्राची जास्त. रविवारी संध्याकाळी ते तुमच्या हातात नसतं. मंगळवारी सकाळी अकराला असतं.

त्याच वेळी डॉक्टरांनी मला विचारलं, "मानेचं कधी पाहिलंय का?" मला काहीच ठाऊक नव्हतं. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो आणि तिथून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. इथे डाउनच्या मुलांचे पालक वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, सहा वर्षांच्या आत ट्रॅम्पोलिन नकोच, आणि नंतरही डॉक्टरांशी बोलून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा अचानक सुटणं, यांतलं काही दिसलं तर उड्या तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. कोलांट्या तर कुणाच्याच मुलांनी मारू नयेत.

आता तुमच्या लेकीचं. फिजिओला नुसतं "नेऊ का" असं विचारू नका, "बघा तुम्ही" असं उत्तर मिळेल. नेमकं विचारा: खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधीचा आणि खुबा जागेवर आहे ना? बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करायचं इंजेक्शन) किंवा पायाचं ऑपरेशन झालं असेल तर किती दिवस थांबायचं? झटके येतात का, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढून टाकणारी नळी) आहे का, हे त्यांना माहीत असेलच, पण उसळण्याच्या संदर्भात पुन्हा विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या स्थितीत: मांडी घालून, गुडघ्यांवर, की हात-पाय टेकून? उभं राहून हे उत्तर बहुधा येणार नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

ताठर स्नायूंना अचानक, जोरात ताण बसला की ते आणखी आवळतात. म्हणून उंच उडी तिच्या कामाची नाही. पण हळू, एका लयीत, खालच्या खाली होणारा हिंदोळा अनेक मुलांना सैल करतो. इंग्लंडमध्ये १९६९ पासून याच तत्त्वावर रिबाउंड थेरपी चालते, व्हीलचेअरवरच्या मुलांनाही मॅटवर झोपवून किंवा बसवून डोलवतात. तिथे शिकलेले लोक असतात, आपल्याकडे पार्कमध्ये ते नसतात. म्हणून तिच्या फिजिओनं एकदा तुमच्याबरोबर यावं असा आग्रह धरा. आमच्या फिजिओ आल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांनी जे दाखवलं त्यावर आमची पुढची दोन वर्षं गेली.

कसं करायचं ते सांगते. कोपऱ्यातला मॅट मागा, जिथे दोन बाजूंनी भिंत असते. सुपरवायझरला आधी सांगून ठेवा, "इस मॅट पर सिर्फ मेरी बेटी रहेगी," आणि त्यांच्याकडचा एक मुलगा कडेला उभा ठेवायला लावा. लेकीला मधोमध बसवा. तुम्ही कडेला उभं राहून तळपायांनी मॅट दाबायचा आणि सोडायचा, पण तुमचे पाय मॅटवरून उचलायचे नाहीत. तुम्ही उडालात की वर सांगितलेला तोच प्रकार तुमच्याच वजनानं होईल. तिचा चेहरा बघत राहा. पाय कातरीसारखे एकमेकांवर यायला लागले, मुठी वळल्या, की थांबा, आडवं झोपवा, मॅट शांत होऊ द्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. एएफओ घालायचे की काढायचे हे फिजिओ सांगतील, बहुतेक जण मॅटवर काढायला लावतात, कडक प्लास्टिक स्वतःला आणि दुसऱ्याला लागतं. पण पट्ट्या काढल्यापासून पुन्हा बांधेपर्यंत तिला उचलूनच न्यायचं, दोन मॅटमधल्या गादीच्या पट्टीवर आधार नसलेले चवडे वळतात.

फोमच्या खड्ड्यात अजिबात नको. दिसायला सगळ्यात मऊ तोच, पण पायात जोर नसलेलं मूल त्यात रुततं, वर यायला धरायला काही नसतं, आणि वरून दुसरं कुणी उडी टाकलं तर खाली कोण आहे ते दिसत नाही.

आवाजाचं बोलले पाहिजे. माझा लेक अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकत खांद्यावर बसतो, पण पार्कच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाणी सुरू झाली की कान दाबतो. बंद जागेत आवाज घुमतो. तुमच्या लेकीसारखी मुलं दचकली की अख्खं अंग ताठ करतात, आणि उसळत्या मॅटवर तसं होणं बरं नाही. गाणी कमी करा म्हणून आधी फोनवर सांगा. सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ते ऐकतात.

फॉर्मवर सही करताना निदान लपवू नका. "मग आत सोडणार नाहीत" या भीतीनं मी एकदा लपवलं होतं, आणि नंतर मदत मागायला माझंच तोंड राहिलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसत्या अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतो. रास्त कारणासाठी एखादी गोष्ट नाकारता येते, म्हणून मॅनेजरनं सरळ "नाही" म्हटलं तर विचारा, कोणत्या खेळाला नाही आणि का? फोमच्या खड्ड्याला नाही म्हणाले तर ते बरोबर आहे. दारातूनच नाही म्हणाले तर ते बरोबर नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पर्समध्ये असू द्या.

आणि वाढदिवसाच्या दिवशी? तोवर तिला तो कोपरा, ते मोजे, तो सुपरवायझर ओळखीचा झालेला असेल. पार्टीचा पहिला पाऊण तास मुलांना मनसोक्त उडू द्या. मग केकच्या आधी दहा मिनिटं दादाच्या मित्रांना बाहेर काढून एक मॅट फक्त तिचा. दादाला आधी विश्वासात घ्या, त्यानं कडेला बसून लय मोजावी, एक-दोन, एक-दोन. दहा वर्षांच्या मुलाला हे काम दिलं की तो किती जपून करतो ते बघाल. बाकीचा वेळ ती तुमच्याजवळ बसून राहिली तरी चालेल, तिची पाळी होऊन गेलेली असेल.

ग्रिपचे मोजे मात्र एक नंबर मोठे मागून घ्या, ताठर पायात ते चढवायला फार वेळ जातो. मंगळवार आणि गुरुवार सकाळ मला मोकळी असते. पहिल्या दिवशी सोबत हवी असेल तर निरोप टाका, मी रामबागेहून येईन.