बरणीतली ‘हरिता’ आणि पाण्यातले ‘शेवाळ’

काचेच्या बरणीत किंवा उथळ ताटलीत हौसेने वाढवल्या जाणाऱ्या मऊ, हिरव्या, बुटक्या वनस्पतीला मराठीत ‘शेवाळ’ म्हणावे, ‘शैवाल’ म्हणावे की सरळ ‘मॉस’ म्हणावे, आणि ‘शेवाळाची निगा’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझे उत्तर असे की लेखनात ‘हरिता’ हा शब्द वापरावा, बोलण्यात ‘मॉस’ला हरकत नसावी, ‘शेवाळ’ या अर्थी टाळावे आणि ‘शैवाल’ तर मुळीच वापरू नये.

हा काटेकोरपणा कुणाला अनाठायी वाटेल. पण या वनस्पतीच्या निगेबद्दल सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी ‘शेवाळावर पाणी फवारत राहा’ आणि ‘शेवाळ धरले तर लगेच पुसून काढा’ ही दोन वाक्ये एका दमात येतात, आणि ती ऐकताना माझा संयम सुटतो. पहिल्या वाक्यातले शेवाळ म्हणजे जपायची वनस्पती, तर दुसऱ्यातले शेवाळ म्हणजे बरणीच्या काचेला आतून धरणारा हिरवा, बुळबुळीत थर. तो थर प्रकाश आणि ओलावा प्रमाणाबाहेर झाल्याची खूण असतो, म्हणजे तो दिसताच पाणी कमी करायचे असते. दोघांना एकच नाव दिल्यावर नवख्या माणसाने काय फवारायचे आणि काय पुसायचे? फरक ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. ज्यात इवलीशी खोडे आणि त्यांच्याभोवती दाटीने लागलेली पाने दिसतात ती हरिता. ज्यात खोड नाही, पान नाही, नुसते तंतू किंवा चिकट पापुद्रा दिसतो ते शेवाळ.

आता ‘शेवाळ’ या शब्दाच्या कुळाकडे वळतो. मराठीतल्या अत्यंत सुंदर व्युत्पत्तींपैकी ही एक आहे आणि तिच्यातच या वादाचा निर्णय दडलेला आहे. जुन्या वैयाकरणांनी ‘शेवाल’ हा शब्द ‘शी’ म्हणजे निजणे, पसरून राहणे या धातूपासून साधला. पाण्यावर जे पहुडलेले असते ते शेवाल, असा त्याचा अर्थ लावला, आणि पुढच्या कोशकारांनी तो न तपासता उचलला. अर्थ गोड आहे, पण व्युत्पत्ती टिकत नाही, कारण या शब्दाचे सर्वांत जुने रूप ऋग्वेदात आहे आणि त्यात ‘व’ नसून ‘प’ आहे. दहाव्या मंडलातल्या अडुसष्टाव्या सूक्तात बृहस्पतीने प्रकाशाने अंतरिक्षातला अंधार हटवला असे वर्णन येते, आणि त्याला उपमा दिली आहे ती वाऱ्याने पाण्यावरचे ‘शीपाल’ दूर लोटण्याची. हा ‘प’ धातूला ‘वाल’ असा प्रत्यय लावणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. ‘शैवाल’ या रूपातला ‘शैव’ पाहून त्याचे नाते शिवाशी जोडणाऱ्यांचा तर विचारही करण्याचे कारण नाही.

उलट ‘शीपाल’पासून निघाले की वाट सरळ सापडते. दोन स्वरांमधला ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो: दीपाचा दिवा झाला, कपाटाचे कवाड झाले, सपत्नीची सवत झाली. दोन स्वरांमधला ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: कालाचा काळ, बालाचे बाळ, मालेची माळ. राहतो तो ‘शी’चा ‘शे’ कसा झाला हा प्रश्न, आणि इथे अनेक अभ्यासक उगाच अडखळतात. काही शब्दांत ‘ई’चा ‘ए’ होतो हे बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवून ठेवले आहे आणि त्या यादीत ‘बिभीतक’ आहे. बिभीतकाचे प्राकृतात ‘बहेडअ’ झाले आणि मराठीत तो ‘बेहडा’ म्हणून नांदतो. ज्या वाटेने बेहडा आला त्याच वाटेने शेवाळ आले, असे माझे ठाम मत आहे. पालीत ‘सेवाल’ आहे, प्राकृतात ‘सेवाल’ आहे, आणि संस्कृतातली ‘शेवाल’, ‘शेवल’, ‘शैवल’, ‘शैवाल’ ही रूपे लोकभाषेतल्या याच शब्दाला पुन्हा संस्कृताचा पोशाख चढवून तयार झालेली असावीत. म्हणून ज्यांना ‘शैवाल’ लिहिले की आपली भाषा अधिक शुद्ध झाली असे वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ऐकारयुक्त रूप हे मूळ नसून बहुधा ‘शेवाल’वर केलेली डागडुजी आहे आणि मराठी ‘शेवाळ’ त्याच्याहून तसूभरही हलके नाही.

या सबंध इतिहासात हा शब्द पाण्यापासून कधी दूर गेलेला नाही. ऋग्वेदातले शीपाल पाण्यावर तरंगते. अमरकोशात हा शब्द ‘जलनीली’च्या जोडीने, पाण्याच्याच वर्गात येतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शैवलाने वेढलेले कमळही रम्य दिसते असे दुष्यंत म्हणतो, तेही सरोवरातलेच. म्हणून मराठी परिभाषाकारांशी माझे भांडण आहे. त्यांनी ‘अल्गी’साठी, म्हणजे खोड-पाने नसलेल्या, मुख्यतः पाण्यातल्या हिरव्या जीवांसाठी, ‘शैवल’ घेतले, ते योग्यच झाले. पण ‘ब्रायोफायटा’ या अगदी वेगळ्या विभागाला, म्हणजे मॉस आणि तिच्या जवळच्या वनस्पतींना, ‘शेवाळी’ हे नाव देऊन एकाच शब्दाची दोन रूपे दोन कुळांच्या माथी मारली. शास्त्राने जिथे भिंत घातली तिथे भाषेत एका मात्रेचा फरक ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. हेच परिभाषाकार ब्रायोफायटांच्या पोटविभागांना ‘यकृतका’ (लिव्हरवर्ट), ‘शृंगका’ (हॉर्नवर्ट) आणि ‘हरिता’ (मॉस) अशी स्वच्छ, स्वतंत्र नावे देतात, म्हणजे त्यांना हे जमत नव्हते असेही नाही. ‘हरिता’ हे पूर्वी दूर्वेचे नाव होते असा आक्षेप घेतला जातो. पण त्या अर्थी आज हा शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे त्यातून गोंधळ होण्याची शक्यता उरलेली नाही.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली केलेल्या वर्गीकरणात लायकेन (बुरशी आणि शैवल मिळून बनलेले दगडफुलासारखे जीव) आणि यकृतका यांना अल्गींच्या रांगेत बसवले आणि लायकोपोडियमसारख्या, पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या असलेल्या वनस्पतीला मॉसच्या रांगेत. मॉसचे शास्त्रशुद्ध नामकरण जिथून मोजले जाते तो योहान हेडविगचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०१ साली निघाला. इंग्रजी व्यवहारभाषा मात्र अजूनही जुन्याच गोंधळात आहे, आणि आपण तिच्यातली नावे शब्दशः उचलून तो घरात आणतो. ‘स्पॅनिश मॉस’ ही अननसाच्या कुळातली, फुले येणारी वनस्पती आहे. ‘रेनडिअर मॉस’ हे लायकेन, म्हणजे दगडफुलाचे भावंड. ‘आयरिश मॉस’ हे नाव समुद्रातल्या एका लाल शैवलालाही आहे आणि बागेतल्या एका सपुष्प वनस्पतीलाही. ‘स्पाइक मॉस’ म्हणून बरणीत लावतात ती सिलाजिनेला लायकोपोडियमसारखीच वाहिन्या असलेली वनस्पती आहे. तिला खरी मुळे असतात. यांतल्या कशाचेही भाषांतर ‘अमुक शेवाळ’ असे करू नये.

जपानी भाषेने हे भान राखले आहे. मत्स्यपेटीत ठेवतात त्या मखमली हिरव्या गोळ्याचे नाव ‘मारिमो’. त्यातला ‘मो’ म्हणजे पाण्यातले शैवल, आणि तो गोळा खरोखरच शैवलाचा असतो. मातीच्या गोळ्यावर हिरवे आवरण चढवून त्यात रोप लावतात ते ‘कोकेदामा’. त्यातला ‘कोके’ म्हणजे हरिता. इंग्रजीत मारिमोला ‘मॉस बॉल’ म्हणतात, ते चूक आहे. गंमत अशी की आपण त्याला ‘शेवाळगोळा’ म्हटले तर ते अचूक ठरेल. याच्या उलट मत्स्यपेटीतले ‘जावा मॉस’ पाण्यात बुडालेले असूनही खोड-पानांची खरी हरिता आहे. तेव्हा आजच्या वापरात निकष वस्तीचा नव्हे, शरीररचनेचा ठेवावा.

निगेबद्दल वाचकाने विचारले होते, आणि तिथेही रचनाच मार्ग दाखवते. हरितेला खरी मुळे नसतात; तिचे मूलाभ, म्हणजे मुळांसारखे दिसणारे तंतू, तिला फक्त चिकटून राहायला मदत करतात. बहुतेक जातींची पाने एका पेशीच्या जाडीची असतात आणि पाणी व क्षार ती सगळ्या अंगाने शोषते. म्हणून कुंडीत ओततात तसे पाणी ओतण्याऐवजी वरून बारीक फवारावे, तेही पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित, कारण जड पाण्यातला चुना पानांवर साचून शेंडे तपकिरी पडतात. खत घालू नये. लावताना माती ओली करून दाबून घ्यावी आणि हरिता तिच्यावर घट्ट टेकवावी, कारण मध्ये पोकळी राहिली की ती धरत नाही. उजेड भरपूर असावा, पण थेट ऊन नको. झाकलेली बरणी उन्हात तापली की आतली हरिता शिजून मरते. अनेक जाती कोरड्या पडून मलूल होतात आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात, त्यामुळे एखाद्या दिवशी फवारणी चुकल्याने नुकसान होत नाही. सतत चिंब ठेवल्याने मात्र होते. काच रोज धुरकट दिसत असेल तर झाकण काही वेळ उघडे ठेवावे. ताकात किंवा दह्यात हरिता वाटून दगडाला लेपण्याची कृती फार सांगितली जाते. घरात तिच्यातून बहुधा बुरशीच उगवते. मधूनच बारीक देठांवर तपकिरी बोंडे उभी राहतात, त्यांना ‘शेवाळाची फुले’ म्हणतात तेही चूक आहे, कारण त्या बीजाणूंच्या कुप्या आहेत आणि त्या कापण्याचे काही कारण नाही. भिंतीला लावायच्या तयार चौकटींत ज्याला मॉस म्हणतात ते पुष्कळदा ग्लिसरीनमध्ये मुरवून रंगवलेले रेनडिअर मॉस असते. ते जिवंत नसते, त्यावर पाणी फवारल्यास ते खराब होते.

व्याकरणापुरते सांगायचे तर ‘हरिता’ स्त्रीलिंगी आहे आणि तिचे सामान्यरूप ‘हरिते-’ होते, म्हणून ‘हरितेवर पाणी फवारले’, ‘हरितेची निगा’ असे लिहावे; आणि काचेवर हिरवा थर आला असेल तर ‘बरणीत शेवाळ धरले’ हे वाक्य निःसंकोच वापरावे, ते तिथे अगदी बरोबर आहे.