एकही पान काढू नकोस

चि. पोरीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रकाशक म्हणतात पुस्तकातलं आत्याचं प्रकरण गाळा, मग छापू. आई म्हणते घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. आणि तू मला विचारतेस, थोडं सौम्य केलं तर चालेल का? नाही चालणार. एकही पान काढू नकोस.

लेबनॉनची कादंबरीकार हनान अल-शेख तुला वाचायला दिली ती याचसाठी. बैरुतची, १९४५ सालचा जन्म, 'अन-नहार' दैनिकात पत्रकारिता केलेली. १९७५ मध्ये यादवी पेटली आणि तिनं शहर सोडलं. पण लिहिलं त्याच युद्धावर, तेही घरात मार खात वाढलेल्या, पुरुषांनी वापरून घेतलेल्या जहरा नावाच्या नायिकेला मध्यभागी ठेवून. गच्चीवरून माणसं टिपणाऱ्या बंदूकवाल्याकडे ही जहरा आपल्या पायांनी चालत जाते. लेबनॉनमध्ये प्रकाशक मिळेना. शेवटी १९८० साली हनाननं ही कादंबरी, 'हिकायत जहरा', पदरचे पैसे घालून छापली. कित्येक अरब देशांत बंदी आली. चार प्रसंग कापले असते तर कोणीतरी छापलीच असती. तिनं कापले नाहीत.

त्याहून अवघड काम पुढेच होतं. तिची आई कामिला निरक्षर. मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी कोवळ्या वयातच लग्न लावून दिलेली. पुढे दुसऱ्या माणसावर जीव जडला, घटस्फोट घेतला आणि दोन मुली मागे ठेवून निघून गेली. त्यातली एक हनान. म्हातारपणी आई म्हणत राहिली, माझी गोष्ट लिही. लेक टाळत राहिली. अखेर २००५ मध्ये पुस्तक आलं, आई गेल्यावर. ते आईच्या तोंडून आहे. आपल्याला टाकून गेलेल्या बाईच्या जागी बसून पानोपानी 'मी' लिहायचं! तू आत्याला 'ती' म्हणून लिहितानाच घाबरतेस?

रागावू नकोस. मी कोणावर चिडते आहे ते मला ठाऊक आहे.

१९९४ साली माझ्या कादंबरीतली चाळीस पानं मी काढली. मावशीची. संपादकांनी समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आवश्यक आहे का?' एवढंच. मी खोडरबरानं ते पुसलं आणि पानं काढून ठेवली. पुस्तक निघालं, चार लोकांनी बरं म्हटलं. मावशीनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यात माझं कुठं आहे गं?" मी म्हटलं, पुढच्या पुस्तकात. पुढचं पुस्तक निघायच्या आत ती गेली.

तेव्हा माझी दोन पोरं लहान होती, रात्रपाळी होती, घराचे हप्ते होते. प्रकाशक हातचा गेला असता तर दुसरा कुठून आणणार होते? तेव्हा माझं चुकलं असं मला आजही पूर्ण म्हणवत नाही. पण ट्रंकेतली ती पानं मी अजून उघडलेली नाहीत.

तू नोकरी सोडू नकोस, त्याची गरज नाही. भाषा हवी तेवढी घास, नावं बदल, गावही बदल. पण आत्यानं विहिरीच्या काठावर मंगळसूत्र काढून ठेवलं ते पान जसंच्या तसं राहू दे. त्या पानासाठी तर तू लिहायला बसलीस ना? मग ते काढू नकोस.

प्रकाशकांना 'नाही' कळव, दोन ओळींत. स्पष्टीकरण देत बसू नकोस. आत्या अजून आहे ना? मग कोणी छापायच्या आधी ते प्रकरण तिला वाचून दाखव. तिनं काढ म्हटलं तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेव.

रविवारी ये. सगळी पानं घेऊन ये. मीही ट्रंक खाली काढून ठेवते.

तुझी,
ताई