एकट्या राहणाऱ्या आईला बायकांच्या गटाचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंत की, वडील गेल्यापासून ६८ वर्षांची आई ठाण्यात पाचपाखाडीत एकटी राहते आणि तुम्ही बंगळुरूला असता. तिला बायकांच्या एखाद्या गटात जायला सांगावं का, की तिथे नुसत्या गप्पा आणि भजनं चालतात, तब्येतीच्या दृष्टीने काही हाती लागत नाही?

मी ७२ वर्षांची आहे, नौपाड्यात राहते. आमचे हे जाऊन ९ वर्षं झाली. रोज सकाळी सातला आम्ही ११ जणी कचराळी तलावाभोवती फेऱ्या मारतो आणि मग अर्धा तास बाकावर बसतो. माझं ऐकाल तर फेऱ्यांपेक्षा तो बाकावरचा अर्धा तास जास्त मोलाचा.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीची चप्पल पायात मावेना. दोन्ही घोटे सुजलेले, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. "वय झालं, चालायचंच," असं त्या दोन महिने स्वतःला समजावत होत्या. मुलाला फोनवर यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आमच्यात एक निवृत्त नर्स आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला लावल्या, बाकावर पाकिटं मांडली आणि मागचं बारीक अक्षर एकेक करून वाचलं. नेहमीच्या डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी अॅम्लोडिपिनची होती. नंतर हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत दोन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक पुन्हा अॅम्लोडिपिनच! नाव वेगळं, पाकिटाचा रंग वेगळा, त्यामुळे बिचाऱ्या एकच औषध दुप्पट घेत होत्या. या औषधाने पायांना सूज येऊ शकते. आम्ही परस्पर गोळी बंद केली नाही, ते आपलं काम नव्हे. त्याच संध्याकाळी दोघी जणी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि पंधरवड्यात सूज उतरली. मुलगा रोज न चुकता फोन करतो हो, गुणी आहे. पण फोनवर पाय दिसत नाहीत.

दुसरं, काही गोष्टी बाई मुलांना सांगतच नाही. खोकलं-शिंकलं की लघवी सुटते. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते. पाळी जाऊन १५ वर्षं झाली आणि परवा डाग दिसला. हे मुलाला कसं सांगायचं, सुनेला कसं सांगायचं? मुलीलासुद्धा जड जातं. आमच्या बाकावर एकीने धीर करून विषय काढला आणि बघता बघता चौघी बोलत्या झाल्या. त्यातली एक तर लघवीच्या भीतीने घराबाहेर पडायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नव्हती. मग चक्कर, मग लघवीला जळजळ, असं वर्षभर चाललेलं. ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम असतात, अंग बाहेर येत असेल तर रिंग बसवतात, गरज पडली तर ऑपरेशन करतात, हे तिला सत्तरीत पहिल्यांदा कळलं. आणि पाळी पूर्ण थांबल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात बायकांच्या डॉक्टरकडे, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, हे मी तुम्हालाही निक्षून सांगते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कधी कधी तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असतो आणि तेव्हाच पकडला तर बाई बरी होते.

आता पडण्याबद्दल. तुमच्या मनात हीच भीती असणार. आम्ही रोज सकाळी साडेसातच्या आत व्हॉट्सअॅपवर एकच शब्द टाकतो: "उठले". फुलांची चित्रं नाहीत, सुविचार नाहीत. ज्या दिवशी तलावावर येणार नाही त्या दिवशीही हा शब्द टाकायचाच. आठपर्यंत नाही आला तर सगळ्यात जवळ राहणारी फोन करते, उचलला नाही तर दारात जाते. प्रत्येकीच्या घराची एक किल्ली दुसरीकडे असते.

दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी सकाळी एकीचा शब्द आला नाही. मी किल्ली घेऊन गेले, लॅच फिरलं, पण दार उघडेना. आतून कडी लावलेली! आणि आतून त्यांचा बारीक आवाज येत होता, "अगं, मी इथे आहे." त्या पहाटे पाचला बाथरूममध्ये पायपुसण्यावरून घसरल्या होत्या. सुतार मिळून दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास मी दाराला तोंड लावून त्यांच्याशी बोलत बसले, कधी भाजीचं, कधी नातवाचं, जे सुचेल ते. खुब्याचं हाड मोडलं होतं. १०८ ला फोन केला, रुग्णालयात नेलं, ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात, तो चौथ्या दिवशी पोचला. तोवर रात्रीच्या पाळ्या आम्हीच वाटून घेतल्या आणि डबेही. पुढे तीन महिने रोज एक जण त्यांचे व्यायाम करून घ्यायला जायची, कारण दुखतं म्हणून बाई व्यायाम टाळते आणि एकदा अंथरूण धरलं की उठणं कठीण होतं. आज त्या काठी घेऊन तलावाला एक फेरी मारतात.

त्या दिवसापासून आमच्यात कोणी आतून कडी लावत नाही, फक्त लॅच. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडा बसवला, सुटी पायपुसणी काढून टाकली, रात्रीचा छोटा दिवा लावला. हाडं किती ठिसूळ झालीत ते कळावं म्हणून सगळ्यांनी डेक्सा तपासणीही करून घेतली.

तुम्ही म्हणाल, आई कुठे जायलाच तयार नाही. त्यामागे एक कारण असू शकतं, जे त्या तुम्हाला सांगणार नाहीत. नवरा गेल्यावर बाईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद होतात. मला पहिल्या संक्रांतीला समोरच्या घरात जाणाऱ्या बायकांची पावलं ऐकू येत होती आणि मी दिवा न लावता बसून होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. एका गावाला जमलं ते आम्हा ठाण्यातल्या शिकलेल्या बायकांना का जमू नये? आम्ही तिळगूळ, कुंकू, गजरा सगळ्यांना देतो, कोणालाही वगळून नाही. तुमच्या आईसाठी गट शोधताना हे आधी विचारा. जिथे त्यांना कोपऱ्यात बसावं लागेल तिथे पाठवू नका.

आणि "गटात जा" असं सांगून कोणी जात नाही. त्यांच्या इमारतीतली किंवा आळीतली एकच बाई शोधा आणि आईला तिच्यासाठी काहीतरी काम सांगा. "त्या काकूंना बँकेत सोबत करशील का? त्यांना नीट दिसत नाही." माझंही असंच झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एकीच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालायला कोणी हवं होतं. मी १५ दिवस गेले आणि सोळाव्या दिवशी तिने मला तलावावर नेलं. आपली कोणाला तरी गरज आहे म्हटलं की पाय आपोआप बाहेर पडतात. तसं कोणी सापडलंच नाही तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी करा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तो नंबर आईच्या फोनमध्ये साठवून ठेवा. ७० पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात.

बाकीचं सावकाश करा. आज रात्री फोन कराल तेव्हा आधी एवढंच विचारा: "आई, झोपताना दाराला आतून कडी लावतेस का?"