अमेरिकेसारखा राजकीय चर्चेचा रेडिओ सांगली-साताऱ्यात का रुजला नाही?

याचे मुख्य कारण श्रोत्यांची अनास्था नसून कायदा आहे, असे माझे मत आहे. अमेरिकेत वादग्रस्त विषयांची दुसरी बाजूही मांडण्याचे बंधन घालणारा १९४९ चा नियम १९८७ मध्ये रद्द झाला. त्याआधीच संगीताचा श्रोता एफएमकडे वळल्याने एएम (मध्यम लहरींच्या) रेडिओ केंद्रांना बोलक्या, स्वस्त कार्यक्रमांची गरज भासत होती, आणि १९८८ मध्ये उजव्या विचारांचे रेडिओ निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर पोहोचताच एकतर्फी, श्रोत्यांचे फोन घेणारी राजकीय चर्चा हा मोठा व्यवसाय बनला.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही; केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करता येतात. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारख्या सामुदायिक (स्थानिक समुदायासाठी चालणाऱ्या) रेडिओ केंद्रालाही राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम वर्ज्य आहेत. ज्या माण तालुक्यात पाण्याचा प्रश्न हाच राजकारणाचा गाभा आहे, तिथे टँकर आणि चारा छावण्यांवर स्थानिक आवाजात मोकळी चर्चा होऊ नये, हे मला मनापासून खटकते. परिणामी ही चर्चा पारावर, चहाच्या टपरीवर आणि आता यूट्यूब वाहिन्यांवर होते. तिथे मात्र दुसरी बाजू मांडण्याचे बंधन कोणावरच नाही.