लघवीच्या तपासणीत जंतू नाहीत, तरी ओटीपोट दुखतं आणि सारखी लघवी लागते. हा ब्लॅडर पेन सिंड्रोम (संसर्ग नसतानाही मूत्राशय दुखत राहण्याचा आजार) असेल का?

असू शकतो. मुख्य खूण वेदनेच्या वेळेत आहे: मूत्राशय भरत जाईल तसं ओटीपोटात दुखणं किंवा दाब वाढतो, लघवी झाली की थोडा वेळ आराम पडतो. मूत्रमार्गाच्या संसर्गात जळजळ सहसा लघवी करतानाच होते. शिवाय रात्री वारंवार उठावं लागणं, दर वेळी थोडीच लघवी होणं, शरीरसंबंधांच्या वेळी दुखणं हेही दिसतं. पाळीच्या आसपास, ताणात किंवा कॉफीनंतर काहींना त्रास वाढतो. पुरुषांनाही होतो, पण तिथे बरेचदा प्रोस्टेटवर खापर फुटतं.

६ आठवड्यांहून जास्त टिकलं आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह असेल तर पुन्हापुन्हा अँटिबायोटिक घेत बसू नका, यूरॉलॉजिस्टना (मूत्रविकारतज्ज्ञांना) दाखवा. निदान इतर कारणं वगळूनच होतं. लघवीतून रक्त, ताप असेल तर लगेच जा.