आडनावाच्या आधी गाव शोध

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या आजीचं माहेर आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा), आडनाव वॉल्श, एवढीच माहिती हाताशी आहे. आणि त्यातच कुणीतरी तुला सांगितलं की १९२२ च्या आगीत आयर्लंडची सगळी कागदपत्रं जळाली, आता काही सापडायचं नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि त्यामुळे कितीतरी जण सुरुवात करण्याआधीच शोध सोडून देतात. तू सोडू नकोस.

३० जून १९२२ ला, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना स्फोटात उडाला, हे खरं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद, मृत्युपत्रं, चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या तिथे गेल्या. पण १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारनेच आधी नष्ट केली होती, आणि १८८१-१८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. उलट कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच, त्या गावोगावच्या चर्चमध्ये होत्या. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणीही दुसरीकडे होती. तुझं घराणं कॅथलिक शेतकऱ्यांचं, म्हणजे तुझ्या कामाचं बरंचसं शाबूत आहे.

आता मुख्य गोष्ट. आडनावाच्या मागे धावू नकोस. मेयोत वॉल्श पावलोपावली भेटतात, आणि त्यातल्या निम्म्या घरांत एक पॅट्रिक, एक मेरी आणि एक ब्रिजेट असतेच. तुला हवा आहे तो टाउनलँड. आपल्या वाडीसारखा, कधी चार घरांचा, कधी चाळीस घरांचा हा जमिनीचा तुकडा; आयर्लंडात असे साठ हजारांहून जास्त आहेत. टाउनलँड कळला की वॉल्शांच्या गर्दीतून तुझी माणसं वेगळी काढता येतात. तो कळेपर्यंत सापडलेलं प्रत्येक नाव संशयितच समज. आणि त्याचं स्पेलिंग एकच असेल अशी अपेक्षा धरू नकोस. कारकुनाने आयरिश उच्चार जसा कानावर पडला तसा इंग्रजीत उतरवला आहे. आयरिश स्थलनामांचा 'लॉगइनम' नावाचा सरकारी कोश आहे, तो जवळ ठेव. शिवाय नोंदणीचे जिल्हे गरीब-कायद्याच्या युनियनप्रमाणे, म्हणजे निराधारांना मदत देण्यासाठी पाडलेल्या विभागांप्रमाणे आखलेले होते, काउंटीच्या हद्दी त्यांनी पाळल्या नाहीत. म्हणून मेयोच्या माणसाची नोंद शेजारच्या काउंटीतल्या शहराच्या नावाखाली दिसली तर ती लगेच बाजूला टाकू नकोस.

सुरुवात जवळच्या काळापासून कर आणि मागे मागे जा. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण उपलब्ध आहे, आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट. नुसता टंकलिखित मजकूर वाचून थांबू नकोस, मूळ फॉर्मचं चित्र उघड. १९११ च्या फॉर्मवर विवाहित स्त्रियांसाठी तीन रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. विधवांनी ते भरणं अपेक्षित नव्हतं, पण अनेकींनी भरले आणि गणना करणाऱ्याने त्यावर रेघ मारली. त्या रेघेखालचे आकडे आजही वाचता येतात. 'अकरा' आणि शेजारी 'सहा' असं दिसलं, तर घरात कुणालाच आठवत नसलेली पाच मुलं तुला शोधायची आहेत.

वयांवर मात्र विश्वास ठेवू नकोस. १९०१ ला ५८ वर्षांची बाई १९११ ला ७२ वर्षांची झालेली दिसेल. मधे १९०९ च्या जानेवारीत सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झालं होतं. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची, म्हणजे या म्हाताऱ्यांपैकी कुणाकडेच दाखला नाही. मग वयाचा पुरावा म्हणून डब्लिनच्या दप्तरखान्यात १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांची नावं शोधली जात. अर्जदाराने आईवडिलांची नावं, टाउनलँड, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) हे सगळं फॉर्मवर द्यायचं आणि कारकुनाने काय सापडलं ते खाली लिहायचं. मूळ जनगणना पुढे जळाली, पण हे शोध-फॉर्म राहिले. पुष्कळांवर 'सापडलं नाही' एवढाच शेरा आहे. तरीही फॉर्म मोलाचा, कारण आईचं माहेरचं नाव आणि १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळापूर्वीचं गाव म्हातारीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. तुझ्या पणजीची आई या वयात बसते. हे फॉर्म नक्की पाहा.

सरकारी नोंदींपैकी जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं. मृत्यूच्या नोंदीत आईवडील नसतात, पण खबर देणाऱ्याचं नाव असतं, ते टिपून ठेव. १८६४ च्या मागे गेलीस की चर्चच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने साधारण १८८० पर्यंतच्या कॅथलिक वह्या २०१५ पासून फुकट खुल्या केल्या आहेत. अक्षर फिकं, पानांवर ओल, आणि मजकूर बऱ्याचदा लॅटिन: जेम्सचा याकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. घाबरू नकोस, दहा-बारा शब्दांतच सगळं भागतं. बाप्तिस्म्याची तारीख सरकारी नोंदीतल्या जन्मतारखेच्या आधीची दिसली तर तीही चूक समजू नकोस. नोंदणीला उशीर झाला की दंड होता, म्हणून आईबाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत.

प्रत्येक बाप्तिस्म्यातले धर्ममाता-धर्मपिता उतरवून घे. माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. ते बहुधा मावशी, काका, शेजारी असतात. दोन पॅट्रिक वॉल्शांपैकी आपला कोणता, हे कित्येकदा त्या दोन नावांवरूनच ठरतं.

ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे कर ठरवण्यासाठी १८४७ ते १८६४ मध्ये झालेली जमिनीची आकारणी, यात टाउनलँडवार जमीन कोण कसतो आणि खंड कुणाला देतो हे छापलेलं आहे. फक्त कुटुंबप्रमुख, बाकी घर त्यात नाही. एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोघे असले तर बऱ्याचदा कंसात बापाचं नाव दिलेलं असतं. पण खरा खजिना त्यानंतरच्या फेरतपासणीच्या वह्या. जुनं नाव खोडून नवं वर लिहिलेलं, वर्षागणिक शाईचा रंग वेगळा. आपल्याकडच्या फेरफारांसारखंच समज: नाव बदललं की कुणीतरी वारलं, गाव सोडून गेलं किंवा जमीन मुलाकडे आली. त्या वर्षाच्या आसपास मृत्यूची नोंद शोधलीस तर बऱ्याचदा हाती लागते.

एखादं नाव मध्येच नाहीसं झालं तर दुष्काळ आठव. १८४१ ला बेटावर सुमारे ८२ लाख माणसं होती, १८५१ ला ६५ लाख. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचा मागमूस कधीकधी खरोखरच लागत नाही, आणि तेव्हा तिथे रिकामी जागा ठेवणं हेच प्रामाणिक काम आहे. ऑनलाइन वंशवृक्षांमधून कुणाचाही पॅट्रिक उचलून ती भरू नकोस.

पणजीचा एक भाऊ फौजेत होता आणि पुण्याला वारला असं तू लिहिलंस. तो धागा लंडनला जातो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या नकला दरवर्षी तिकडे पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पलटणीचं नाव मिळालं तर लवकर उकलेल.

या रविवारी बाबांच्या आत्याला फोन कर. त्या नव्वदीच्या आहेत, हे काम आधी. घर कुठे होतं ते विचार, आणि त्या गावाचं नाव जसं उच्चारतील तसं देवनागरीत लिहून घे. इंग्रजी स्पेलिंगपेक्षा ते उच्चाराच्या जवळ जाईल. प्रार्थनेला कोणत्या चर्चमध्ये जायचे आणि शेजारी कोण होते तेही विचार. मग मला कळव, वह्यांचं पहिलं पान आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी